प्रबंधाचं पुस्तक करताना: करारावर सही करण्याआधी

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली की प्रकाशकांचे फोन सुरू होतात. माझे विद्यार्थी इतिहासाचे, त्यामुळे पुस्तक निघणार म्हटलं की ते हरखून जातात आणि कराराचे दोन कागद घेऊन येतात. "मॅडम, कुठं सही करायची तेवढं सांगा." सही सगळ्यात शेवटी. आधी हक्कांचं कलम शोधा आणि मोठ्यानं वाचा.

आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) लिखाणाचा पहिला मालक लिहिणारा. नोकरीचा भाग म्हणून नोकरी देणाऱ्यासाठी लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय तुमच्या विद्यापीठाचे नियम एकदा चाळून घ्या. एरवी प्रबंध तुमचा. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात तो सगळ्यांना वाचता येतो, म्हणून तो कुणीही छापावा असं नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनंच देता येतात. फोनवर "हो, छापा" म्हटल्यानं मालकी जात नाही. कलम १९ सांगतं की कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे करारात असायला हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरला नाही, तर तोही संपतो.

हे ऐकून मुलं निर्धास्त होतात, आणि तिथंच मी त्यांना थांबवते. कायद्याचं हे संरक्षण करार गप्प असेल तेव्हाचं आहे, आणि छापील करार गप्प नसतो. "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, सर्व भाषा व माध्यमांत" एवढी एक ओळ असली की ५ वर्षं गेली आणि भारतही गेला. संपूर्ण मुदत म्हणजे तुमचं आयुष्य आणि त्यापुढे ६० वर्षं. वर्षभराची अटही करारात वेगळं लिहून काढून टाकता येते. नंतर पुस्तक बाजारातून संपलं आणि प्रकाशकाला पुन्हा छापायचं नसलं, तर दुसरीकडे जायलाही त्याचीच परवानगी लागते. दहा वर्षं दप्तरखान्यात बसून मोडी कागद लावायचे आणि ते पुस्तक कुणाच्या गोदामात अडकून राहायचं, हे मला सहन होत नाही.

म्हणून ती ओळ खोडून घ्या आणि हे लिहून द्या: "सदर ग्रंथाची मराठी छापील आवृत्ती भारतात प्रकाशित करण्याचा अनन्य परवाना करारदिनांकापासून पाच वर्षांसाठी प्रकाशकास देण्यात येत आहे. भाषांतर, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक व इतर सर्व हक्क लेखकाकडे राहतील. आवृत्ती संपल्यानंतर लेखकाच्या लेखी मागणीपासून सहा महिन्यांत पुनर्मुद्रण न झाल्यास परवाना संपुष्टात येईल." परवाना दिला की मालकी तुमच्याकडेच राहते, हस्तांतर केलं की ती जाते. चांगला प्रकाशक यावर बोलायला बसतो. जो "आमचा करार असाच असतो" एवढंच म्हणतो, त्याच्याकडून कागद परत घ्या.

मानधन छापील किमतीवर की सवलत वजा जाता आलेल्या रकमेवर, हे विचारा. दोन्हींत बराच फरक पडतो. दरवर्षी विक्रीचा लेखी हिशेब मिळेल असं करारात असू द्या. बढतीसाठी पुस्तक हवं म्हणून काही जण प्रकाशकालाच पैसे देतात. तसं करणार असाल, तर एकही हक्क सोडू नका. आणि आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या, नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो.

"मजकुराबाबतच्या वादाची जबाबदारी लेखकाची" हे कलम जवळजवळ प्रत्येक करारात सापडतं, तेव्हा परवानग्या आधीच गोळा करा. पत्रांबाबत तर फार जपा. ज्या घरानं तुम्हाला जुनी पत्रं दाखवली त्यांच्याकडे कागद असतो. मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. छायाचित्रं आणि नकाशांसाठीही लेखी होकार घ्या. प्रबंधातलं एखादं प्रकरण नियतकालिकात आधी छापलं असेल, तर तिथं काय लिहून दिलं होतं ते काढून बघा. ते हक्क गेले असतील, तर पुस्तकात घेण्यासाठी संपादकांची परवानगी लागेल.

एक गोष्ट मी स्वतः मार्गदर्शक असूनही ठासून सांगते. मार्गदर्शकाचं नाव ऋणनिर्देशात असावं, मुखपृष्ठावर नको. ज्यानं लिहिलं नाही तो सहलेखक नव्हे. कोणी आग्रह धरला, तर कलम ५७ दाखवा: हक्क विकल्यानंतरही आपण लेखक असल्याचं सांगण्याचा आणि आपल्या लिखाणाची प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाचाच राहतो.

नोंदणी सक्तीची नाही, कॉपीराइट लिहिताक्षणीच लागू होतो. तरी ५०० रुपये शुल्क भरून ती केलीत तर वादाच्या वेळी पुरावा हाताशी राहतो. कच्चे मसुदे आणि प्रकाशकाशी झालेल्या ईमेल पुसू नका. दोघांच्या सह्या असलेली कराराची मूळ प्रत हातात आल्याशिवाय अंतिम फाइल पाठवू नका.