गट पाडले, पण वाचायची गरज कुठे होती?

माझं नोकरीचं पहिलं वर्ष, जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. प्रशिक्षणात ऐकलं होतं म्हणून पाच-पाच मुलांचे गट पाडले, एकेक उतारा दिला आणि ‘मिळून वाचा’ म्हटलं. दर गटात एकच मूल वाचायचं; बाकीची त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. अडखळत वाचणारी तर आणखीच मागे सरली. त्यांनी वाचावं अशी गरजच मी ठेवली नव्हती.

ती गरज कशी निर्माण करायची, हे मला जिगसॉ पद्धतीने शिकवलं. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, आपसांत धुसफूस होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. उरलेला धडा हवा तर सोबत्याचं ऐकण्यावाचून इलाज नाही.

मी गाडगेबाबांवरचा उतारा घेतला. चार तुकडे केले: बालपण, खराट्याने गावं झाडणं, कीर्तन, धर्मशाळा. सारखा तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसतात, अडलेले शब्द सोडवतात, गटात परतल्यावर काय सांगायचं ते ठरवतात. ही पायरी घाईत उरकू नका. कच्च्या वाचकाला धीर इथेच मिळतो. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलणारी एक मुलगी सहामाहीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. धर्मशाळेचा तुकडा तिच्याकडे आला. ‘पंढरपूरला कुणासाठी बांधली? परत सांग ना,’ असं गटाने विचारलं, तेव्हा ती कागदाकडे न बघता बोलली. मधल्या सुट्टीत पुढचा उतारा मागायला आली.

गट चौघांचाच ठेवा. शेवटचे प्रश्न प्रत्येकाने एकट्याने, कागद उलटा ठेवून सोडवायचे. निदान एक प्रश्न दोन तुकडे जोडल्याशिवाय सुटू नये. ‘दिवसा गाव झाडून बाबा रात्री तिथेच कीर्तन का करत असतील?’ यावर माझ्या वर्गात अख्खी तासिका गेली, आणि ती जावीच.

एक अडचण मात्र हमखास येते. ऊसतोडीच्या हंगामात पट निम्म्यावर आला की एखादा तुकडा कुणाच्याच हाती नसतो. म्हणून हजेरी झाल्यावरच तुकडे वाटा, आणि पाचवं मूल उरलं तर त्याला सर्वांत लांब तुकड्यावर जोडीदार म्हणून बसवा.