मंडळीबरोबर परदेशी बालशिबिराला, सहकुटुंब: निघण्याआधीची तयारी

बॅगेत काय भरायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी यजमान मंडळीला, म्हणजे जिथे शिबिर आहे तिथल्या चर्चला, विचारा की शिबिरात आमच्याकडून नेमकं काय हवंय. गोष्ट सांगायला, गाणी घ्यायला त्यांची माणसं बहुधा तयार असतात आणि मुलांची भाषाही त्यांनाच येते. कमी पडतात ते हात: नावं नोंदवायला, पाणी द्यायला, रांग लावायला, कागद आधी कापून ठेवायला, दुपारी फरशी पुसायला. घरातल्या प्रत्येकाला अशा कामाला मनापासून हो म्हणता येतंय का, हे आधी पाहावं आणि मगच तिकिटं काढावीत. शिबिर त्यांचं आहे, आपण मदतनीस आहोत.

कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून ती आधी हातात घ्या. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी आणि एक-दोन पानं कोरी हवीत. मुलांचे पासपोर्ट वेगळे तपासा. त्यांची मुदत बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा लवकर संपते. व्हिसाच्या बाबतीत मात्र गटातल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका. पगार घेत नाही म्हणजे काम करत नाही, असं कित्येक देशांचा कायदा मानत नाही, आणि काही देशांत धार्मिक कार्यासाठी व्हिसाचा प्रकारच वेगळा असतो. त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करा, यजमान मंडळीकडून निमंत्रणपत्र मागवा आणि विमानतळावर ‘कशासाठी आलात?’ या प्रश्नाला खरं उत्तर देता येईल असाच व्हिसा काढा. शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, घेऊन निघालेल्या माणसाने पहिल्याच खिडकीवर खोटं बोलावं, हे काही शोभत नाही. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. सगळ्या कागदांचा एक संच मागे राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या.

डॉक्टरांकडे सहा ते आठ आठवडे आधी जा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, मुलांच्या नेहमीच्या लसींतली राहिलेली एखादी, सगळं तेव्हाच ठरतं. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागणार असेल तर ते लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. 2016 पासून ते जन्मभर चालतं, त्यामुळे जुनं असेल तर शोधून काढा. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू होतात, परतल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात, आणि मुलांचा डोस वजनावर ठरतो. औषधं मूळ पाकिटातच न्या, सोबत चिठ्ठी असू द्या. कोडीन, ट्रामाडोल यांसारख्या वेदनाशामकांवर बऱ्याच देशांत निर्बंध आहेत. ओआरएसची पाकिटं भरपूर घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच शुद्ध पाण्यात ती कालवा; लवकर गुण यावा म्हणून घट्ट केलेलं द्रावण मुलाला अपायच करतं. विम्यात इस्पितळाच्या खर्चाबरोबर, गरज पडल्यास रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्चही धरलेला आहे ना, तेवढं वाचून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक याद्यांत एका ओळीत उरकलं जाणारं. तुम्ही परक्या लोकांच्या मुलांमध्ये जाणार आहात. यजमान मंडळीची बालसुरक्षेची लेखी नियमावली मागून घ्या. नसेल तर आपल्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पुढाकार घेऊन दोन्ही मंडळ्यांची मिळून एक तयार करावी. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला तर त्यात कमीपणा मानू नका. न मागणाऱ्या शिबिराचीच जास्त चौकशी करा. कोणत्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत राहायचं नाही, दोन मोठी माणसं हवीत, आणि नवरा-बायकोची जोडी शक्यतो त्यात धरू नये. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा कितीही जबाबदार असला तरी या मोजणीत तो मोठा नव्हे. लहानग्यांना शौचालयात न्यायचं काम त्यांच्या ओळखीच्या स्थानिक ताईंकडे असू द्या.

फोटोंचं आधीच ठरवा. पालकांची आणि शिबिराची परवानगी नसेल तर मुलांचे चेहरे टिपायचे नाहीत. परवानगी असली तरी नाव आणि ठिकाण जोडून कुठेही टाकायचे नाहीत. एकट्या मुलाला गुपचूप भेटवस्तू नको, ‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असं वचनही नको. एखाद्या मुलाने घरच्या मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं म्हणू नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका आणि त्याच दिवशी शिबिराच्या नेमलेल्या व्यक्तीला कळवा.

श्रद्धेच्या बाबतीतही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं चौदावं कलम मुलाचं विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मान्य करतं, आणि त्यात त्याला वाट दाखवण्याचा पालकांचा हक्कही. म्हणून शिबिरात बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना असणार आहेत हे पालकांना आधी स्पष्ट कळायला हवं. खाऊ आणि खेळ प्रार्थनेच्या अटीवर कधीही नको.

स्वतःच्या मुलांची तयारी घरीच सुरू होते. तिथे काय दिसेल, लोक टक लावून पाहतील, जेवण वेगळं असेल, हे आधी बोला. ‘बिचारी मुलं’ हे शब्द घरात ऐकू येत असतील तर आत्ताच थांबवा. शिबिरातल्या मुलांची नावं नीट उच्चारायला शिकणं ही त्याहून चांगली सुरुवात. लेकरू अगदी लहान असेल तर आई-बाबांपैकी एकाची रोजची सेवा त्याला सांभाळणं हीच असेल, हे गटप्रमुखांना आधी सांगा. आणि किशोरवयीन मुलगी म्हणाली की मला यायचं नाही, तर तिला ओढून नेऊ नका.

गोष्ट सांगायची पाळी आलीच तर दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो. दहा मिनिटांत पाचच मिनिटांची गोष्ट बसते. छोटी पण पूर्ण वाक्यं बोला, शाब्दिक विनोद घरी ठेवा. अभिनयाने उभ्या राहणाऱ्या गोष्टी निवडा: येशूला पाहायला झाडावर चढणारा बायबलमधला जक्कय किंवा लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू. मेंढरू लपतं, सगळे शोधतात, भाषा लागतच नाही. दुभाष्याबरोबर एकदा तरी सराव करा. हस्तकलेचं सामान शक्य तितकं तिथेच विकत घ्या, म्हणजे सीमाशुल्काची कटकट टळते आणि तिथल्या दुकानदारालाही हातभार लागतो. फुगे आणि बारीक मणी लहान मुलांपासून लांबच ठेवा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो.

बॅग मग चटकन भरते. खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे, मळले तरी चालतील असे बूट, डास पळवणारं मलम, पाण्याची बाटली. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, कात्र्या मोठ्या बॅगेत. गटाचा निधी एकाकडे असावा आणि हिशेब दोघांनी पाहावा.

परतल्यावर उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभे राहाल, तेव्हाही फोटोंचा नियम तोच. मलेरियाच्या गोळ्या ठरल्या दिवसापर्यंत पूर्ण करा, आणि पुढच्या वर्षभरात घरात कोणालाही ताप आला तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.