क्रॅक केलेला गेम उतरवण्यापूर्वी करायचा हिशेब

फोंडा, म्हापसा किंवा मडगाव येथील ज्या घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरातील संगणकावर क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला, एखादा गेम सापडणे ही नवलाची गोष्ट नाही. तो कधी मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेला असतो, कधी टॉरेंटवरून (लोक आपसांत फाइल वाटतात त्या जाळ्यावरून) रात्रभर उतरवलेला असतो, आणि तो ठेवावा की काढावा याचा विचार घरात सहसा कोणी केलेला नसतो. हा विचार नेमका कसा करावा आणि अधिकृत मार्गाकडे कसे वळावे, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना टप्प्याटप्प्याने सांगण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. क्रॅक केलेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु तेवढ्याने ती प्रत निर्दोष ठरत नाही, कारण नुकसान कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न शिल्लक राहतो.

सर्वप्रथम संगणकावरील सर्व गेमची यादी करावी आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: तो आज कोठे अधिकृतपणे विकत मिळतो का, आणि तो कोणी बनवला आहे. पाचशे माणसांच्या कंपनीने बनवलेला गेम आणि तिघांनी मिळून बनवलेला गेम यांतील फरक यादीवर उमटू द्यावा. पुढचे बरेच निर्णय त्या फरकावर अवलंबून आहेत.

त्यानंतर पैशाचा हिशेब मांडावा. समजा, एका गेमची किंमत ५०० रुपये आहे. त्यात १८ टक्के वस्तू आणि सेवा कर धरलेला असेल, तर कर वजा जाता सुमारे ४२४ रुपये उरतात. स्टीमसारखे गेमचे ऑनलाइन दुकान त्यातून सर्वसाधारणपणे ३० टक्के वाटा घेते, म्हणजे निर्मात्याच्या बाजूला सुमारे २९७ रुपये पोहोचतात. मध्ये प्रकाशक असेल तर त्याचाही वाटा त्यातूनच जातो. एपिक गेम्स स्टोअरने २०१८ मध्ये सुरुवात करताना आपला वाटा १२ टक्के ठेवला, त्या दराने तेथे हीच रक्कम सुमारे ३७३ रुपये होत असे. मोठ्या गेमना आणखी एक सवलत मिळते: स्टीमवर विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की दुकानाचा वाटा २५ टक्क्यांवर येतो आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्क्यांवर. म्हणजे जो आधीच श्रीमंत आहे त्याच्या हाती प्रत्येक प्रतीमागे अधिक पैसे पडतात. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, पण म्हणूनच लहान निर्मात्याच्या एकेका प्रतीचे मोल जास्त आहे.

येथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘मी तसाही विकत घेणार नव्हतो, मग कोणाचे काय गेले?’ हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. युरोपीय आयोगाने करून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये उजेडात आलेल्या अभ्यासात, अनधिकृत वापरामुळे गेमची विक्री घटते असा ठोस सांख्यिकी पुरावा आढळला नव्हता. दुसऱ्या बाजूला २०१३ मधील एक अनुभव ठेवावा. ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या कंपनीने ‘गेम डेव्ह टायकून’ प्रसिद्ध करताना स्वतःच त्याची एक क्रॅक आवृत्ती टॉरेंटवर सोडली. पहिल्या दिवशी २१४ जणांनी खरी प्रत घेतली होती, तर किमान ३,१०४ जण ती फुकटची आवृत्ती खेळत होते. त्या आवृत्तीत खेळणाऱ्याची काल्पनिक कंपनी काही तासांनी पायरसीमुळेच, म्हणजे अनधिकृत प्रतींमुळेच, दिवाळखोरीत निघत असे. ते ३,१०४ जण सगळे ग्राहक झाले असते असे कोणी म्हणू शकत नाही, परंतु त्यांतील शंभर जणांनी जरी पैसे दिले असते तरी त्या दिवसाची विक्री जवळजवळ दीडपट झाली असती. सरासरीत न दिसणारे नुकसान लहान निर्मात्याच्या वहीत असे ठळक दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, तोही किकस्टार्टरवरील निधी उभारणीची मोहीम अपयशी ठरल्यानंतर. आपल्या पुराणकथांवर, आपल्या शेजारच्या शहरात बनलेला गेम ज्याला आवडतो, त्याने तो फुकट उतरवण्याला माझ्याकडे कोणतेही समर्थन नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळावे. हवा असलेला गेम स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाकून ठेवावा, म्हणजे सवलत लागताच ईमेल येतो. उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुन्या गेमच्या किमती अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. भारतात किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे वडिलांचे क्रेडिट कार्ड मागण्याची गरज नाही. गेम आपल्या संगणकावर चालेल की नाही ही शंका असेल, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असताना पैसे परत मागता येतात. ‘आधी क्रॅक लावून पाहतो, आवडला तर घेतो’ ही सबब त्यामुळे बऱ्याच अंशी निकालात निघते. घरात भावंडे असतील तर स्टीम फॅमिलीज ही सोय वापरावी: एका घरातील सहा जणांपर्यंत आपापले गेम एकमेकांना खेळायला देऊ शकतात, मात्र एकाच प्रतीवर दोघे एकाच वेळी खेळू शकत नाहीत.

सत्तरी, सांगे किंवा काणकोण भागात अडचण पैशाची नसून इंटरनेटची असते, आणि पेनड्राइव्हचा रस्ता अनेकदा त्यातूनच सुरू होतो. त्यावरही अधिकृत उपाय आहे. घरातील एका संगणकावर गेम एकदा उतरवला की स्टीम तो घरच्याच नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर पाठवते, आणि नंतर ऑफलाइन मोडमध्ये तो इंटरनेटविना चालू शकतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजी या दुकानातून घेतलेल्या गेमला डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणारे, कुलूप नसते, त्यामुळे त्याची स्थापना-फाइल स्वतःसाठी जपून ठेवता येते. याच समूहाचा ‘विचर ३’ जीओजीवर असा कुलपाविना विकला गेला, आणि एकूण पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. कुलपाचा त्रास शेवटी पैसे भरणाऱ्यालाच होतो, कारण क्रॅकमध्ये ते काढून टाकलेले असते. निर्मात्यांनी हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

हातात पैसेच नसतील तर? तरीही क्रॅककडे वळण्याची गरज नाही. एपिक दर आठवड्याला किमान एक गेम विनामूल्य देते आणि तो खात्यात कायम राहतो. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ आणि ‘झिरो ए.डी.’ हे मुक्त स्रोताचे गेम आहेत, ते मित्रांना वाटायलाही परवानगी आहे. देवळाच्या उत्सवात रात्री होणारे नाटक प्रेक्षकाला फुकट असते, कारण महाजनांनी आणि गावकऱ्यांनी खर्च आधीच उचललेला असतो. या गेमचेही तसेच आहे, कोणीतरी पैसे किंवा श्रम राजीखुशीने दिलेले आहेत. क्रॅकमध्ये ती राजीखुशी नसते.

एका फसव्या मधल्या वाटेपासून मात्र दूर राहावे. समाजमाध्यमांवर महागड्या गेमचे ‘अॅक्टिव्हेशन’ किंवा ‘की’ (गेम सुरू करण्याचा संकेतांक) अगदी कवडीमोल भावात विकणारे भेटतात. अशा काही ‘की’ चोरलेल्या कार्डांवर घेतलेल्या असतात. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते आणि भुर्दंड निर्मात्यावर पडतो. २०१९ मध्ये काही स्वतंत्र निर्मात्यांनी उघडपणे म्हटले होते की अशा ठिकाणाहून ‘की’ घेण्यापेक्षा आमचा गेम सरळ पायरेट करा. म्हणजे येथे पैसे देऊनही निर्मात्याचे नुकसानच होते.

यादीतील जे क्रॅक गेम काढायचे ठरतील ते काढताना केवळ फोल्डर पुसून थांबू नये. क्रॅक बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेले असते. तो पुन्हा चालू करून संपूर्ण तपासणी करावी, त्याच्या अपवादांच्या यादीतील नोंदी काढाव्यात आणि त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील तर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. शंका राहिल्यास महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून विंडोज नव्याने बसवावे.

आता उरतात ते कोठेच विकत न मिळणारे गेम, आणि येथे माझे मत मवाळ होते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेले ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नाहीत. युबिसॉफ्ट कंपनीने इंटरनेटशिवाय न चालणाऱ्या ‘द क्रू’ या आपल्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांच्याही हातून गेम गेला. कायद्याच्या दृष्टीने अशा गेमची प्रत उतरवणेही उल्लंघनच ठरते, परंतु जेथे पैसे स्वीकारणारा कोणी नाही तेथे नैतिक दोष मला फार हलका वाटतो. त्यातही आधी जीओजीवर तो गेम परत आला आहे का ते पाहावे, कारण जुने गेम पुन्हा विक्रीस आणणे हेच त्या दुकानाचे मूळ काम आहे.

गेमिंग पार्लर चालवणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रामची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नमूद करून कैद माफ करू शकते. तासाला पैसे घेणाऱ्या पार्लरला ही सवलत मिळत नाही. शिवाय घरगुती खात्यावर घेतलेला गेम गिऱ्हाइकांना भाड्याने खेळायला देण्याची परवानगीही सहसा नसते. पार्लरसाठी स्टीमचा वेगळा पीसी कॅफे कार्यक्रम आहे. यंत्रे मांडण्यापूर्वी त्यात नोंदणी करावी आणि कोणते गेम व्यावसायिक वापरासाठी खुले आहेत ते एकेक करून तपासावे.