अमेरिकेत घरपोच जेवण मागवताना टिप किती आणि केव्हा द्यावी

नव्याने अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला मैल, पौंड आणि फॅरनहाइट यांची सवय काही आठवड्यांत होते. परंतु फोनवरून जेवण मागवताना शेवटच्या पडद्यावर टिपचे तीन-चार आकडे समोर आले की त्याचा अंगठा वर्षभरानंतरही अडखळतो. आपल्याकडे टिप काम झाल्यावर, खुशीने दिली जाते. पावसात भिजत आलेल्या मुलाला आपण "वरचे राहू द्या" म्हणतो आणि तेवढ्यावर दोघांचेही समाधान होते. इथे मात्र जेवण अजून शिजायचे असते, ते कोण आणणार हेही ठरलेले नसते, आणि टिप आधीच विचारली जाते. सेवा पाहण्यापूर्वी बक्षिसी कशाची, असे वाटणे साहजिक आहे. पण या रकमेला टिप म्हणत असले, तरी तिची जात हमालीची आहे. एस.टी. स्थानकावर ट्रंक डोक्यावर घेण्यापूर्वी हमाल पैसे ठरवून घेतो, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की इथे भाव तुम्ही एकट्याने बोलायचा आणि समोरच्याने तो घ्यायचा किंवा सोडून द्यायचा.

हे नीट कळण्यासाठी चालकाच्या फोनवर काय दिसते ते पाहावे. डोअरडॅश, उबर ईट्स, ग्रबहब अशा ॲपसाठी जेवण पोहोचवणारे लोक सामान्यतः कंपनीचे नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यामुळे ताशी ७.२५ डॉलर ही २००९ पासून न बदललेली संघीय किमान मजुरी त्यांना लागू होत नाही, आणि गाडी, इंधन, विमा, टायर हा सगळा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. तुमची ऑर्डर त्यांच्यापुढे येते ती उपाहारगृहाचे नाव, अंतर आणि मिळणारी रक्कम एवढ्या स्वरूपात. त्या रकमेत कंपनीचे मूळ वेतन आणि तुमची टिप सहसा एकत्र धरलेली असते. ती घ्यायची की नाही हे काही सेकंदांत ठरवावे लागते. मूळ वेतन एका ऑर्डरमागे दोन-तीन डॉलर इतके कमी असू शकते. सात मैलांच्या फेरीसाठी तीन डॉलर दिसले, तर जाणता चालक ती ऑर्डर पुढच्याकडे जाऊ देतो, पुढचा त्याच्या पुढच्याकडे, आणि तोवर तुमची बिर्याणी काउंटरवर निवत बसते. २०२३ च्या नोव्हेंबरात डोअरडॅशने तर टिप शून्य ठेवणाऱ्या ग्राहकांना, अशा ऑर्डरला जास्त वेळ लागू शकतो, अशी सूचनाच दाखवायला सुरुवात केली होती.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका थाळीवर मोठ्या उदारपणे एक डॉलर टिप ठेवली होती. जेवण तयार असल्याचे पडद्यावर दिसत होते आणि त्याखाली "चालक शोधत आहोत" हे वाक्य तासाभराहून अधिक काळ हलले नाही. थाळी आली तेव्हा आमटीवर तुपाचा पांढरा थर धरला होता. त्या रात्री मला चीड चालकाची आली. मनातल्या मनात त्या एका डॉलरला ऐंशीच्या पटीने गुणून मी त्याचे रुपये केले होते, ही चूक फार नंतर उमगली. ज्या देशात माणूस राबतो, त्या देशाच्या चलनातच त्याची मजुरी मोजली पाहिजे.

आता रक्कम ठरवण्याची रीत पाहू. समजा, खाद्यपदार्थांचे ३४ डॉलर झाले. त्यावर कर, डिलिव्हरी फी २.९९ आणि सर्व्हिस फी ५.१० मिळून आकडा ४४-४५ डॉलरवर जातो. टिपसाठी फक्त ३४ हाच आकडा धरावा. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवले की ३.४० म्हणजे दहा टक्के मिळतात. त्यात त्याचे निम्मे, १.७०, मिळवले की ५.१० म्हणजे पंधरा टक्के होतात, आणि ३.४० ची दुप्पट केली की ६.८० म्हणजे वीस टक्के. पंधरा ते वीस टक्के हा सर्वमान्य पट्टा आहे. या ऑर्डरवर मी स्वतः सहा डॉलर ठेवीन. कूपनमुळे ३४ चे २२ झाले असले, तरी टिप ३४ वरच काढावी, कारण सवलतीने पिशवीचे वजन कमी होत नाही. डिलिव्हरी फी आणि सर्व्हिस फी ही नावे फसवी आहेत. हे पैसे ॲपच्या कंपनीकडे जातात, ते टिपच्या जागी धरू नयेत.

टक्केवारी मात्र लहान ऑर्डरला लागू पडत नाही. अकरा डॉलरच्या मसाला डोशावर पंधरा टक्के म्हणजे पावणेदोन डॉलरही होत नाहीत, आणि चालकाची फेरी तर तेवढीच असते. अशा वेळी चार-पाच डॉलरच्या खाली जाऊ नये. अंतराचाही विचार करावा. एका मैलामागे एकूण दीड-दोन डॉलर सुटत नसतील तर ऑर्डर घ्यायची नाही, असा अनेक चालकांचा ठोकताळा असतो. म्हणून मी टक्क्यांनी आणि अंतराने असे दोन्ही आकडे मनाशी काढतो आणि मोठा असेल तो टाकतो. बर्फ पडत असेल, मुसळधार पाऊस असेल किंवा तुमचे घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असेल, तर वर दोन-तीन डॉलर घालावेत. एवढे करणे जड वाटत असेल, तर स्वतः जाऊन पार्सल आणावे. तिथे काउंटरवरचा टॅबलेट तुमच्याकडे वळवून टिप मागितली गेली, तरी ती नाकारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

पिझ्झाच्या दुकानांचा प्रकार थोडा निराळा आहे, कारण तिथले चालक पुष्कळदा दुकानाचेच नोकर असतात. तरीही बिलातील डिलिव्हरीचा आकार त्यांना टिप म्हणून मिळत नाही. डॉमिनोजने तर हे आपल्या खोक्यांवर छापलेले आहे. तिथेही चार-पाच डॉलर द्यावेत.

न्यूयॉर्क आणि सिॲटल या शहरांत पडदा वेगळा दिसला तर गोंधळू नये. न्यूयॉर्क शहराने ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी किमान दर ठरवला. तो २०२३ च्या डिसेंबरात ताशी १७.९६ डॉलरने लागू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.४४ डॉलरवर गेला. सिॲटलमध्ये असा नियम जानेवारी २०२४ पासून आहे. त्यावर मोठ्या ॲपनी तिथे टिपचा पर्याय ऑर्डरनंतरच्या टप्प्यावर ढकलला आणि फी वाढवली. पुढे जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने हा पर्याय ऑर्डर देतानाच दाखवण्याचा कायदा मंजूर केला. किमान दर ठरलेला असल्याने या शहरांत टिप खऱ्या अर्थाने टिप उरते, म्हणून थोडी कमी दिली तरी मला गैर वाटत नाही. ती अजिबात देऊ नये, असा मात्र याचा अर्थ होत नाही. थंडीत पुलावरून ई-बाइक हाकत आलेल्या माणसाचे हातमोजे एकदा जवळून पाहिले, तर हा मुद्दा सांगावा लागणार नाही.

टिप खरोखर चालकालाच मिळते का, अशी शंका अनेकांना असते, आणि तिला इतिहास आहे. डोअरडॅशच्या जुन्या पद्धतीत ग्राहकाच्या टिपमुळे चालकाच्या मजुरीतला कंपनीचा स्वतःचा वाटा कमी होत असे; २०१९ मध्ये त्यावर मोठी टीका झाल्यावर ती पद्धत बदलली, आणि त्याच जुन्या व्यवहाराबद्दल २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींशी १.६७५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आज प्रमुख ॲप पूर्ण टिप चालकाला देण्याची हमी देतात.

तरीही रोखच द्यायची असेल, तर एक आणि पाच डॉलरच्या नोटा घरात ठेवाव्यात. नाण्यांची मूठ हातावर ठेवणे इथे अपमानास्पद समजले जाते. ॲपमध्ये शून्य ठेवून "दारात रोख देईन" असे लिहिण्यावर चालक सहसा विश्वास ठेवत नाहीत, कारण अनेकांचा अनुभव उलट असतो. मी दोन-तृतीयांश ॲपमध्ये ठेवतो आणि उरलेले वाटल्यास दारात देतो. काही ॲपमध्ये जेवण पोहोचल्यानंतर ठरावीक वेळात टिप कमी करता येते. मोठा आकडा दाखवून ऑर्डर लवकर मागवायची आणि मग तो खाली आणायचा, ही युक्ती काही जण मोठ्या चातुर्याने सांगतात. हमाल ट्रंक टाकून गेल्यावर त्याच्या हातातली नोट परत ओढण्यासारखे आहे ते.

पिशवी सीलबंद येते, म्हणून चटणी राहिली किंवा भाजी तिखट निघाली, तर त्याचा राग टिपवर काढू नये. ॲपच्या मदत विभागात तक्रार नोंदवून परतावा मागावा. उशीरही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच होतो. चालकाने पिशवी दुसऱ्याच इमारतीत ठेवली किंवा सांडून आणली, तर मात्र टिप कमी करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

मंडळाच्या गणेशोत्सवासाठी किंवा घरच्या सत्यनारायणासाठी ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून जेवण मागवले असेल, तर पावतीत 'ग्रॅच्युइटी' (इथे त्याचा अर्थ टिप) हा शब्द आधीच आहे का, ते पाहावे. असेल तर पुन्हा टिप देण्याची गरज नाही. नसेल तर दहा ते पंधरा टक्के, आणि ट्रे आत आणून टेबलावर मांडून दिले असतील तर त्याहून थोडे अधिक द्यावे. डबे करून स्वतः पोहोचवणाऱ्या काकूंना टिप देऊ नये. त्या धंद्याच्या मालक आहेत, आणि पाच डॉलर पुढे केले तर बहुधा ओशाळतील; त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देणे आणि डबा घासून परत करणे अधिक शोभते. किराणा मागवताना वीस पौंडांची तांदळाची पिशवी कोणीतरी उचलून आणणार आहे, हे लक्षात ठेवून आकडा वाढवावा.

शेवटी, सूचनांच्या चौकटीत इमारतीचा क्रमांक, फाटकाचा कोड आणि कोणत्या बाजूचा जिना, हे तीन तपशील लिहून ठेवावेत आणि अंधार पडल्यावर दारावरचा दिवा लावावा. माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हा ॲपवर ठेवलेल्या टिपबद्दल त्यांना काहीच सांगितले नव्हते. दाराबाहेर पिशवी ठेवून, तिचा फोटो काढून वळलेल्या माणसाला त्यांनी हाक मारून थांबवले आणि आधी पाण्याची बाटली दिली. उन्हाळा होता. त्याने ती तिथेच, पायरीवर उभा राहून अर्धी संपवली.