दूर्वा आणि मीठ: गोव्यात क्षारसहनशीलतेवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या गोव्यातल्या मुलांना प्रकल्पासाठी आधी खारफुटी आठवते. मी दूर्वा निवडली. ती खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर उगवते, किनाऱ्याच्या वाळूत उगवते आणि ताळगावच्या जांभ्या सड्यावरही. एकाच जातीचे हे समूह मीठ सारखंच सोसतात का, एवढाच प्रश्न होता.

बांधावरचं गवत हिरवंगार आहे म्हणून ते जात्याच चिवट, असं शेतात उभं राहून सांगता येत नाही. कदाचित ते खाऱ्या पाण्याला नुसतं सरावलेलं असेल. नेमकं काय ते कळायला सगळे समूह एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवावे लागतात. स्वीडनच्या गोटे ट्युरेसन यांनी अशाच लागवडीतून १९२२ साली ‘इकोटाइप’ (एकाच जातीतला, आपल्या जागेला आनुवंशिकरीत्या जुळलेला समूह) ही संकल्पना मांडली. शेतातून आणलेली कांडी जुन्या जागेचं मीठ सोबत घेऊन येते, म्हणून गोड्या पाण्यावर कांडीपासून कांडी अशा एक-दोन फेऱ्या होऊ द्या. हा काळ कंटाळवाणा असतो, गाईडही ‘प्रयोग कधी?’ म्हणून विचारत राहतात. तरी ही पायरी गाळू नका.

दूर्वा धावत्या खोडांनी पसरते. दोन हातांवरचे दोन झुबके बऱ्याचदा एकच रोप असतं, तेव्हा नमुने चांगले काही मीटर सोडून घ्या. एक बांध विरुद्ध एक सडा अशी तुलना तर करूच नका. त्या दोन जागांत मिठाशिवाय माती, सावली, गुरांची चराई असं बरंच काही वेगळं असतं. चोडण, दिवाडी, रायबंदर अशा मांडवी नदीकाठच्या निरनिराळ्या ठिकाणचे बांध घ्या आणि सडेही तितकेच. खाजनात उतरण्याआधी कुळांना विचारा. मानस, म्हणजे बांधातलं भरती-ओहोटीचं दार, सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. खारं पाणी कुठून झिरपतं हे त्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. चोडणच्या पक्षी अभयारण्यातून काही घ्यायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

मांडवीचं पाणी मुखाजवळ मे महिन्यात जवळपास समुद्राइतकं खारट असतं, तर भर पावसात बरंच गोडं होतं. साहजिकच एकाच जागची माती मे आणि ऑगस्टमध्ये निराळे आकडे देते. नमुन्यावर तारीख हवीच. मातीची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की ती क्षारयुक्त, ही व्याख्या संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, आहे. एक भाग मातीत पाच भाग पाणी घालून मोजलं तर आकडा बराच कमी येतो. कोणती पद्धत वापरली ते लिहा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

मीठ द्यायचं ते ५० मिलिमोलरच्या पायऱ्यांनी चढवत. १०० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५.८ ग्रॅम मीठ, समुद्रात ते साधारण ३५ असतं. एकदम ३०० दिलंत तर सहनशीलतेऐवजी धक्का मोजाल. एप्रिलच्या उन्हात कुंडीतलं पाणी उडून द्रावण घट्ट होतं, म्हणून रोज सकाळी विद्युतवाहकतेचा मीटर लावून साध्या पाण्याने भर घाला. पावसाळ्यात नुसतं शेडनेट कामाचं नाही, वर पक्कं छप्पर हवं.

दूर्वेच्या पानावर सूक्ष्म क्षारग्रंथी असतात, त्या मीठ बाहेर टाकतात. सोडियम मोजण्याआधी पान धुतलं की ते मीठ मोरीत जातं. धुतलेलं पाणी जपून वेगळं मोजा. एक समूह मुळाशीच सोडियम अडवतो आणि दुसरा आत घेऊन पानातून टाकतो, असा फरक असला तर तो इथेच पकडता येईल. त्यासाठी फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या रंगावरून सोडियमसारखी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) पुरेसा आहे, त्याच्यावर पोटॅशियमही मोजून होतं.

प्रोलीन, म्हणजे ताणाखाली रोपात साठणारं एक अमिनो आम्ल, सगळेच मोजतात, मला त्याचं फारसं कौतुक नाही. हाल होत असलेल्या रोपातही ते वाढतं. त्याच समूहाच्या गोड्या पाण्यावरच्या रोपांशी ताडून पाहिलेली वाढ जास्त बोलकी. मात्र मुळातच खुरटे, हळू वाढणारे समूह टक्केवारीत उगाच शूर दिसतात, तेव्हा कोरडं वजन ग्रॅममध्येही द्या.

मे महिन्यात नमुने, पावसाळ्यात वाढ, दिवाळीनंतर मीठ हे वेळापत्रक एका शैक्षणिक वर्षात बसतं. पीएच.डी.पर्यंत जायचं असेल तर खाडीच्या चिखलातला जंगली भात, पोर्टेरेशिया कोआर्कटाटा, गोव्यातच आहे. तोही पानातून मीठ टाकतो, आणि खाजनातल्या कोरगुटाशी, म्हणजे मीठ सोसणाऱ्या स्थानिक भाताशी, त्याची तुलना करता येते.