बंद दारांआडचा पवित्र सप्ताह : धर्मग्रामासाठी तयारीची यादी

महामारीच्या काळात पवित्र सप्ताहाची, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या आठवड्याची, तयारी करायला बसलेल्या समितीसमोर पहिला विषय बहुधा थेट प्रक्षेपणाचा येतो. २०२० मध्ये आमचेही तसेच झाले. कॅमेरा, मायक्रोफोन आणि इंटरनेट यांवर दोन बैठका खर्ची पडल्या, आणि ज्यांच्या घरी पडदाच नाही त्यांची आठवण झाली तेव्हा सप्ताहाचा पहिला दिवस, झावळ्यांचा रविवार, चार दिवसांवर आला होता. म्हणून ही यादी उलट्या क्रमाने लिहिली आहे : आधी माणसे, मग उपासनाविधी आणि सर्वांत शेवटी यंत्रे.

चार आठवडे आधी धर्मग्रामातील, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातील, कुटुंबांची वही काढावी आणि प्रत्येक घरासमोर तीन गोष्टींची नोंद करावी : घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती आहे का, कोणी आजारी किंवा विलगीकरणात आहे का, आणि थेट प्रक्षेपण पाहण्याचे साधन आहे का. हे काम धर्मगुरूंनी एकट्याने करू नये. प्रत्येक विभागासाठी एका प्रापंचिकाला (धर्मगुरू नसलेल्या सदस्याला) नेमून पंधरा-वीस घरे वाटून द्यावीत आणि त्याच व्यक्तीने त्या घरांना सप्ताहभर दूरध्वनी करावा, म्हणजे ओळखीचा आवाज कायम राहतो. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांच्यासाठी वाचने, स्तोत्रे आणि प्रत्येक विधीची वेळ छापलेली पुस्तिका वेळेत घरी पोहोचली पाहिजे. पुस्तिकेतील अक्षर मोठे असावे. ती आपण प्रामुख्याने वृद्धांसाठी काढत आहोत, हे विसरून जागा वाचवण्याकडे ओढा होतो.

त्याच आठवड्यात बिशपांच्या सूचना लेखी स्वरूपात मिळवाव्यात. व्हॅटिकनच्या दैवी उपासनाविषयक मंडळाने १९ आणि २५ मार्च २०२० रोजी दोन आदेशपत्रे काढली आणि १७ फेब्रुवारी २०२१ च्या टिपणात पुढच्या पवित्र सप्ताहासाठी बिशपांना पुन्हा त्यांकडेच वळण्यास सांगितले. ईस्टरची तारीख पुढे ढकलता येत नाही, हे त्यांत सुरुवातीलाच स्पष्ट केले आहे. वाढदिवस पुढे नेता येतो, संरक्षक संताचा उत्सवही नेता येतो. परंतु पुनरुत्थानाचा सण हा संपूर्ण उपासनावर्षाचा कणा आहे. २०२० मध्ये तो १२ एप्रिलला आणि २०२१ मध्ये ४ एप्रिलला आला आणि त्या त्या दिवशीच साजरा झाला, मग चर्चमध्ये धर्मगुरू आणि चार-दोन सेवक एवढेच का असेनात. भक्तिपर मिरवणुका मात्र हलवता येतात. त्यांच्यासाठी १४ आणि १५ सप्टेंबर, म्हणजे पवित्र क्रूसाच्या विजयाचा आणि दुःखी मातेचा सण, हे दिवस आदेशपत्राने सुचवले होते. आपल्या धर्मग्रामात गुड फ्रायडेला मिरवणूक निघत असेल तर ती रद्द केल्याचे जाहीर करताना पुढची तारीखही सांगावी, कारण नुसती ‘रद्द’ ही सूचना लोकांच्या मनाला फार लागते.

पवित्र तेलांना आशीर्वाद देण्याची मिस्सा (मुख्य उपासना) धर्मप्रांताने पुढे नेली असल्यास सॅक्रिस्टीतील (विधीचे साहित्य ठेवण्याच्या खोलीतील) तेलाच्या कुप्या आताच तपासाव्यात. नवी तेले मिळेपर्यंत जुनी पुरली पाहिजेत आणि या काळात रुग्णाभ्यंगाची, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराची, गरज नेहमीपेक्षा जास्त पडते.

तीन आठवडे उरले असताना प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे सांगून क्षमा मिळवण्याची, व्यवस्था ठरवावी. बंदिस्त कन्फेशनल (पापनिवेदनाची लहान खोली) वापरू नये. हवा खेळती राहील अशी जागा, दोघांमध्ये पुरेसे अंतर, दोघांच्याही तोंडावर मास्क आणि बाहेर थांबलेल्यांना शब्द ऐकू जाणार नाहीत असा आडोसा, या सर्व गोष्टी एकत्र साधायच्या असतात. त्यातही गुप्ततेशी कोणतीही तडजोड चालत नाही, त्यामुळे रांग दूर ठेवणे हाच त्यातल्या त्यात सोपा उपाय ठरतो. दूरध्वनीवरून पापनिवेदन होऊ शकत नाही, हे लोकांना प्रेमाने आणि निःसंदिग्धपणे सांगावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. संस्कार मिळणे अशक्य असेल तेव्हा देवावरील प्रेमातून उपजलेला पूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा दृढ निश्चय यांमुळे मरणप्राय, म्हणजे अत्यंत गंभीर, पापांचीही क्षमा होते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे आणि व्हॅटिकनच्या प्रायश्चित्तविषयक न्यायमंडळाने २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या टिपणात तिची मुद्दाम आठवण करून दिली होती. मी अनेक आयुष्यभराच्या भाविकांना ही गोष्ट प्रथमच ऐकताना पाहिले आहे. विलगीकरण कक्षात जाणाऱ्या माणसासाठी या एका परिच्छेदाचे मोल फार मोठे आहे, म्हणून तो पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा. एकत्रित, म्हणजे अनेकांना एकाच वेळी द्यायच्या, पापक्षमेचा निर्णय बिशपांचा असतो. समितीने त्याबद्दल अंदाज बांधून घोषणा करू नये.

मरणासन्नांसाठी वेगळी तयारी लागते. कोणते धर्मगुरू रुग्णालयात जाऊ शकतील, त्यांचे वय आणि प्रकृती कशी आहे, संरक्षक पोशाख घालण्या-काढण्याची रीत त्यांना कोणी शिकवली आहे का, हे आधीच ठरलेले असावे. रात्री दोन वाजता फोन आल्यावर हा विचार सुरू करून उपयोग नाही. गंभीर कारण असल्यास तेल लावताना हाताऐवजी साधन वापरण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या १००० व्या कलमात आहे. कापसाचा बोळा वापरून तो नंतर जाळावा. आत जाणे अशक्य असेल तेव्हा परिचारिकांपैकी कोणी कॅथलिक आहे का, याची चौकशी करून ठेवावी आणि तिच्याकडे एक लहान क्रूस व मरणसमयीच्या प्रार्थनेचा कागद देऊन ठेवावा.

आता प्रत्यक्ष विधींकडे वळू. झावळ्यांच्या रविवारी मिस्सलमध्ये, म्हणजे मिस्सेच्या विधिग्रंथात, प्रवेशाचे तीन प्रकार दिले आहेत. २०२० च्या आदेशाने कॅथेड्रलसाठी (बिशपांच्या मुख्य चर्चसाठी) दुसरा आणि धर्मग्रामातील चर्चसाठी तिसरा, म्हणजे साध्या प्रवेशाचा प्रकार नेमून दिला. तिसऱ्या प्रकारात झावळ्यांचा आशीर्वाद येत नाही, आणि लोक नेमके त्याबद्दलच विचारतात. म्हणून उत्तर आधीच तयार ठेवावे.

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत पाय धुण्याचा विधी गाळावा; तो एरवीही ऐच्छिकच आहे. मिस्सेनंतर पवित्र साक्रामेंत (पवित्र केलेली भाकर) मिरवत नेण्याऐवजी टॅबरनॅकलमध्येच (ती ठेवण्याच्या नेहमीच्या पेटीत) ठेवायचे असल्याने वेगळी वेदी सजवण्याची गरज उरत नाही. तिच्यासाठी दरवर्षी मेहनत घेणाऱ्या मंडळींना हे स्वतः भेटून किंवा फोन करून सांगावे. घराघरांत मात्र आई-वडिलांनी मुलांचे आणि मुलांनी आजी-आजोबांचे पाय धुवावेत असे सुचवता येते. पुस्तिकेत योहानच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आणि एक छोटी प्रार्थना एवढे दिले तरी पुरते.

गुड फ्रायडेला सार्वत्रिक प्रार्थनेच्या दहा मागण्यांत आजारी, मृत आणि हवालदिल झालेल्यांसाठी एक विशेष मागणी जोडावी. तिचे शब्द बिशपांकडून येतील. आपल्याला ती नीट वाचणारा वाचक निवडायचा आहे. क्रूसाचे चुंबन फक्त मुख्य विधिकर्त्याने घ्यावे. घरी असलेल्यांना आपला घरचा क्रूस आदल्या दिवशी पुसून टेबलावर ठेवायला सांगावे आणि चर्चमध्ये क्रूस उंचावला जाईल त्याच क्षणी घरातही गुडघे टेकावेत, अशी सूचना द्यावी. हे कागदावर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ कुटुंबांनी त्या वर्षातील सर्वांत खोल प्रार्थना म्हणून हाच क्षण सांगितला.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणविधीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण येथे गाळण्यासारखे खूप दिसते आणि गाळू नये असेही खूप असते. २०२० च्या आदेशानुसार बाहेरचा अग्नी आणि मिरवणूक वगळली गेली, पास्काची मेणबत्ती पेटवली गेली आणि लगेच पास्काची घोषणा (पुनरुत्थानाचे स्तुतिगीत) गायली गेली. तरीही मेणबत्तीवर क्रूस, आल्फा आणि ओमेगा, चालू वर्षाचे चार अंक आणि धूपाचे पाच कण असावेत. मेणबत्ती वेळेवर येणार नसेल तर साधी जाड मेणबत्ती घेऊन समितीतील कोणा हात बसलेल्या व्यक्तीने ती कोरावी. नेहमीच्या लांबलचक मिरवणुकीची ऊब आता एका माणसाच्या गळ्यातून यायची आहे, म्हणून घोषणा गाणाऱ्याने निदान पंधरा दिवस सराव करावा. जुन्या करारातील वाचने सात आहेत. ती कमी करता येतात, परंतु निर्गम ग्रंथातील तांबड्या समुद्राचे वाचन कधीही वगळता येत नाही. आपले काही नडत नसेल तर सातही ठेवावीत, असे माझे मत आहे. घरी बसलेल्या माणसाला वेळेची घाई नसते आणि बंदिवासातून सुटकेचा तो सगळा इतिहास ऐकायला त्या वर्षाइतके तयार कान क्वचित मिळाले असतील. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) भागात त्या आदेशानुसार केवळ स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण उरले.

यामुळे दीक्षार्थींचा, म्हणजे या रात्री स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्तसभेत येणाऱ्यांचा, प्रश्न उभा राहतो. वर्षभर तयारी करून या रात्रीची वाट पाहणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात निरोप पाठवू नये. धर्मगुरूंनी त्यांना एकेकट्याने बोलवावे, पुढची तारीख द्यावी आणि तोवर दर आठवड्याला त्यांच्याशी संपर्क ठेवावा. पास्काचा काळ पन्नास दिवसांचा असतो. २०२० मध्ये त्या काळाचा शेवटचा दिवस, पेंटेकॉस्ट, ३१ मे रोजी होता, तेवढ्या अवधीत योग्य दिवस शोधता येतो. कोणी गंभीर आजारी पडल्यास धर्मगुरूंची वाट न पाहता कोणीही व्यक्ती ख्रिस्तसभेच्या हेतूने पाणी ओतत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देऊ शकते, हे त्यांच्या धर्मपालकांना शिकवून ठेवावे.

मर्यादित उपस्थितीला परवानगी असेल तर यादीत आणखी काही गोष्टी येतात. पवित्र पाण्याची पात्रे रिकामी करून पुसावीत, खिडक्या विधीच्या अर्धा तास आधी उघडाव्यात, सामूहिक गायनाऐवजी एकच गायक ठेवावा, शांतीचे अभिवादन हात न मिळवता करावे किंवा वगळावे. लोकांना कम्युनियनमध्ये द्यायच्या होस्ती (भाकरीच्या चकत्या) झाकलेल्या पात्रात ठेवाव्यात, आणि वाटण्यापूर्वी सर्वांना दिसेल अशा रीतीने धर्मगुरूंनी हात स्वच्छ करावेत. जागरणविधीत एक धोका सहज नजरेतून सुटतो : सॅनिटायझरमधील अल्कोहोल पेट घेते. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मेणबत्ती हातात देऊ नये आणि सॅनिटायझरचे टेबल अग्नीपासून दूर ठेवावे. मेणबत्त्या फुंकून विझवू देऊ नयेत. जागा कमी असल्यास नावनोंदणी करताना गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार यांपैकी एकच दिवस प्रत्येक कुटुंबाला द्यावा, आणि ज्यांनी आयुष्यभर पहिला बाक धरला त्यांनाच पुन्हा पहिली जागा मिळणार नाही याची काळजी घ्यावी. ईस्टरच्या दिवशी मिस्सा वाढवायच्या असतील तर एका धर्मगुरूला गरजेपोटी फार तर तीन मिस्सांची परवानगी मिळू शकते, हे लक्षात ठेवून वेळापत्रक आखावे.

प्रक्षेपण थेट असावे, ध्वनिमुद्रित नसावे. २५ मार्च २०२० च्या आदेशपत्रातही तसेच म्हटले आहे. लोक त्याच क्षणी चाललेल्या प्रार्थनेत सामील होत असतात. इंटरनेट शक्यतो तारेने जोडावे, आवाज थेट ध्वनियंत्रणेतून घ्यावा, आणि गीतांच्या प्रक्षेपणाची परवानगी तपासावी. जागरणविधी अंधारात सुरू होत असल्याने चाचणी दिवसा न घेता त्याच वेळी, दिवे बंद करून आणि एकच मेणबत्ती लावून घ्यावी. अन्यथा ऐन घोषणेच्या वेळी पडद्यावर नुसते काळे चित्र दिसते. आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे होस्ती न घेता मनाने ख्रिस्ताला स्वीकारण्याची, प्रार्थना पडद्यावर झळकू द्यावी आणि धर्मगुरूंनी ती सावकाश म्हणावी.

चर्चच्या घंटेसाठी एक जबाबदार माणूस नेमावा. गुरुवारच्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतानंतर ती मुकी होते आणि जागरणविधीच्या ‘ग्लोरिया’ला पुन्हा वाजते. मिलानमध्ये १५७६ च्या प्लेगच्या वेळी संत चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या, म्हणजे घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसावी. आपल्याकडे खिडकीपर्यंत पोहोचणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे, म्हणून ती शनिवारी रात्री नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ वाजवावी आणि शेजाऱ्यांना त्याची आगाऊ कल्पना द्यावी.

सण झाल्यावर वहीकडे परत यावे. पेंटेकॉस्टनंतर पास्काची मेणबत्ती स्नानकुंडाजवळ ठेवली जाते आणि अंत्यविधीला शवपेटीपाशी पेटवली जाते. या काळात ज्यांना मिस्सेविना, मोजक्या माणसांत किंवा कोणाच्याही उपस्थितीविना मूठमाती दिली गेली त्यांची नावे विभागप्रमुखांकडून मागवून एका पानावर लिहावीत, प्रत्येक कुटुंबाला सोयीची तारीख विचारावी, आणि तीच मेणबत्ती पेटवून त्यांच्यासाठी एकेक मिस्सा अर्पण होईपर्यंत ते पान वहीतून काढू नये.