एकच रीथ, वर्षभराचे सण: नव्याने आलेल्यांसाठी

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांमधून तोच प्रश्न येतो: शेजारच्या सगळ्या दारांवर काहीतरी गोल लटकतंय, आपणही लावायचं का? जरूर लावा. इथे वरच्या मजल्यावरच्या माणसाशी वर्ष-वर्ष बोलणं होत नाही, पण दारावरचा रीथ, म्हणजे पानाफुलांचं गोल कडं, बघून लोक थांबतात, छान आहे म्हणतात आणि ओळख सुरू होते. फक्त दर सणाला नवा विकत घेऊ नका. आपल्यातल्या कित्येकांची गॅरेजं अशा रीथांनी भरलेली मी पाहिली आहेत. दुकानं जुलैतच हॅलोवीनचा माल मांडतात, त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. एक चांगला सांगाडा घरी तयार करा आणि त्यावरची सजावट बदलत राहा.

पण त्याआधी दाराचं बघा. दाराला खिळा ठोकू नका, स्क्रू मारू नका, ड्रिल तर अजिबात लावू नका. अपार्टमेंटचं कॉरिडॉरमध्ये उघडणारं दार बहुधा अग्निरोधक असतं. बिजागरीच्या कडेला एक छोटी पट्टी असते, तिच्यावर ते आगीत किती वेळ तग धरेल ते लिहिलेलं असतं: 20, 45, 60 किंवा 90 मिनिटं. अशा दाराला भोक पाडलं की ती खात्री उरत नाही, आणि पुट्टी भरून भागत नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने पहिल्याच भाड्याच्या घरात दोन स्क्रू मारले. घर सोडताना अख्ख्या नव्या दाराचे पैसे डिपॉझिटमधून गेले. रीथ मात्र वीस डॉलरचासुद्धा नव्हता. त्यानंतर आलेल्या आणखी दोन घरांनी मी सांगूनही हेच केलं, म्हणून पुन्हा सांगते: दाराला भोक नाही. करारात दारावर काहीही लावायला मनाई असेल तर रीथ घरात भिंतीवर लावा, वाद घालू नका.

मग टांगायचा कसा? फ्रिजवरचं मॅग्नेट दाराला लावून बघा. चिकटलं तर दार स्टीलचं, मग चुंबकाचा हूक पुरे. नाही चिकटलं तर दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचा पातळ हँगर घ्या. जाड घेतला तर दार नीट बंद होत नाही आणि हिवाळ्यात फटीतून गारठा आत येतो. चिकटणारा हूक वापरणार असाल तर आधी दार रबिंग अल्कोहोलने (स्पिरिटने) पुसा आणि हूक थंडीच्या आधीच लावा, 50 अंश फॅरनहाइटच्या खाली लावला तर तो नीट चिकटत नाही.

सांगाडा द्राक्षवेलीच्या काड्यांचा घ्या. मायकल्स किंवा हॉबी लॉबी या हस्तकलेच्या दुकानांत मिळतो (हॉबी लॉबी रविवारी बंद असते, जोआनची सगळी दुकानं 2025 मध्ये बंद झाली, जुन्या लोकांनी तिथे पाठवलं तर जाऊ नका). इथलं बाहेरचं दार साधारण 36 इंच रुंद असतं, त्याला 18 इंचांचा सांगाडा पुरतो, कारण पानं-फुलं लागल्यावर तो 22 ते 24 इंचांपर्यंत जातो. फोमचा घेऊ नका, चार वेळा टोचाटोची झाली की तो भुगा होतो. काड्यांमध्ये मात्र कितीही वेळा खोचा आणि काढा.

हे सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: ग्लू गन (गरम गोंद सोडणारी पिस्तुलासारखी वस्तू) सांगाड्याला लावायची नाही. चिकटवलेलं काढताना काड्या तुटतात आणि पुढच्या सणाला सांगाडा बोडका होतो. कायम राहायची फक्त निलगिरीची कृत्रिम पानं, तीही पातळ तारेने बांधलेली. बाकी प्रत्येक सणाचा एकेक गुच्छ वेगळा करा, त्याचे देठ एकत्र गुंडाळा आणि पाइप क्लीनरने (मऊ, केसाळ तारेने) मागच्या बाजूला पीळ द्या. मग सण बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

गुच्छ डाव्या बाजूला, खालून वरपर्यंत भरा आणि उरलेल्या काड्या मोकळ्या दिसू द्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण भारतातून आई-बाबा पहिल्यांदा येतात तेव्हा दारावर पूर्ण गोल भरलेली पांढरी फुलं बघून दचकतात. आपल्याकडे तसं चक्र श्रद्धांजलीला वाहतात. एका बाजूला भरलेला, रंगीत रीथ त्यांना खटकत नाही.

आता वर्षाचा क्रम. सप्टेंबरमध्ये सूर्यफुलं आणि तांबूस पानं. दसऱ्याला कृत्रिम झेंडूचा गुच्छ वाढवा; तोरण मात्र चौकटीला वेगळं बांधा, रीथ ही त्याची जागा नव्हे. हॅलोवीनला लोक इथेच अडखळतात. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, आणि 2024 मध्ये तर नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच होती. लक्ष्मी ज्या दारातून यायची त्या दारावर कवटी आणि कोळी नकोत असं मला मनापासून वाटतं. मुलांचा हट्ट असेल तर छोटे भोपळे आणि काळी-केशरी रिबीन लावा. झेंडूही केशरीच असतो, दोन्ही एकत्र शोभतात. दिवाळीला बॅटरीवरची बारीक एलईडी माळ काड्यांमधून फिरवा. पणत्या रीथखाली किंवा दाराला लागून ठेवू नका. सुकी वेल आणि कृत्रिम पानं दोन्ही भराभर पेट घेतात.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. झेंडू काढा, पानं ठेवा, गव्हाच्या कृत्रिम लोंब्या खोचा. खऱ्या लोंब्या किंवा मक्याची कणसं लावली तर खारी एका दिवसात फडशा पाडतात. नाताळला लाल रिबीन आणि पाइनची फळं (पाइन कोन). ती अंगणातून उचलली असतील तर ओव्हनमध्ये 200 अंश फॅरनहाइटवर अर्धा तास ठेवा, समोर उभं राहून, म्हणजे आतले किडे मरतात. ‘हा ख्रिश्चनांचा सण, आपण कशाला’ असं म्हणणारे आपल्यात आहेत. शेजाऱ्याच्या सणात आपलं दार सजलं तर आपला धर्म उणा होत नाही, आणि पुढच्या दिवाळीला तोच शेजारी फराळाला येतो. जानेवारीत लाल तेवढं काढा, फळं राहू द्या. संक्रांतीला त्यांतच कागदाचा छोटा पतंग छान दिसतो. मार्च ते जुलै मी थोडक्यात सांगते: पाडव्याला पिवळी-केशरी फुलं, ईस्टरला ट्यूलिप, चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लाल-निळी-पांढरी रिबीन. साखरेची खरी गाठी लावू नका, मुंग्या लागतात.

वसंतात एक गोष्ट कुणीच सांगत नाही. हाउस फिंच नावाचा चिमणीएवढा पक्षी दारावरच्या रीथमध्ये घरटं करतो. एकदा अंडी घातली की 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी कायद्याप्रमाणे ते घरटं हलवता येत नाही, आणि पिल्लं उडेपर्यंत जवळजवळ महिना जातो. तेवढे दिवस गॅरेजच्या किंवा मागच्या दाराने ये-जा करावी लागते. म्हणून मार्चपासून दर दोन दिवसांनी रीथच्या मागे बघा, आणि नुसत्या काड्या-गवत जमू लागलं की लगेच रीथ घरात घ्या.

ज्यांच्या दाराबाहेर काचेचं स्टॉर्म डोअर आहे त्यांनी उन्हाळ्यात दोन दारांच्या मध्ये रीथ ठेवू नये. ऊन्ह पडलं की तिथे इतकं तापतं की गुच्छांमधला ग्लू वितळून दाराच्या रंगावर ओघळतो. तेच अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) होतं. सांगाडा कपाटात कोटाच्या हँगरला अडकवा, वर जुनी उशीची खोळ घाला, आणि गुच्छ बुटांच्या खोक्यांत, प्रत्येकावर सणाचं नाव लिहून ठेवा. रिबिनी आणि पाइनची फळं 26 डिसेंबरनंतर घ्या, तेव्हा निम्म्या किमतीत किंवा त्याहून स्वस्त मिळतात.